केंद्राध्यक्षांनी काय गिळलं

माझ्या घशाखाली काय उतरतं आणि काय उतरत नाही, हा माझा खाजगी प्रश्न आहे अशी माझी समजूत होती. या प्रश्नावर एका मतदान केंद्रात दोन पक्षांचे लोक एकमताने उभे राहतील आणि माझ्या पोटात कॅमेरा घालून तो सोडवावा अशी मागणी करतील, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला विश्रांती घ्यायचा सल्ला दिला असता.

मी साताऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. नाव मधुसूदन. प्रकृती पित्ताची. पित्ताची म्हणजे लोक सकाळी आलं-लिंबू घेऊन मिटवतात तशी नव्हे. आडवं झालो की पोटातलं सगळं घशाशी यायचं. डॉक्टरांनी पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करायला सांगितली. त्यामुळे पित्त जागेवर राहिलं, पण मी घसरायला लागलो. सकाळी शरयू, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन यायची तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी गोळा होऊन पडलेला असायचो.

हे शरयूच्या धाकट्या भावाने, पुष्करने, एकदा पाहिलं. पुष्करचा सांगलीजवळ कुपवाडला कारखाना आहे. तिथे पाण्याच्या पाइपांचे व्हॉल्व्ह तयार होतात. जगातल्या कोणत्याही अडचणीकडे पुष्कर व्हॉल्व्ह म्हणूनच बघतो. संसार, राजकारण, मुलांचं शिक्षण, सगळं त्याच्या मते कुठेतरी गळत असतं किंवा कुठेतरी तुंबलेलं असतं.

"भाऊजी, साधी गोष्ट आहे," तो म्हणाला. "तुमचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेलाय. माल खाली गेला की वर येता कामा नये. तुमचा येतोय. सांगलीला आमचे एक सर्जन आहेत. बसवून टाकू."

सर्जन खरोखरच चांगले होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळायचा, म्हणजे पित्त वर येणार नाही. सुरुवातीला काही आठवडे गिळायला त्रास होईल, बहुतेकांचा तो आपोआप जातो, असंही ते म्हणाले. त्यापुढे ते आणखी एक वाक्य बोलले, पण ते मला ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी पुष्करने त्यांना त्यांच्या दुर्बिणीचं स्टील कोणत्या ग्रेडचं आहे ते विचारलं. ते वाक्य फार महत्त्वाचं होतं हे मला पुढे कळलं.

ऑपरेशन झालं. पित्त थांबलं. मी सपाट पलंगावर सरळ झोपलो आणि सकाळी जिथे झोपलो होतो तिथेच उठलो. आठवडाभर मी भेटेल त्याला ही बातमी सांगत होतो. त्या काळात मी पेज आणि सार यांवर होतो, आणि दोन्ही सुरळीत उतरत होती. मग एके दिवशी दुपारी मी आमटीत भिजवलेल्या पोळीचा एक तुकडा खाल्ला.

तो छातीच्या मधोमध जाऊन थांबला.

घास अडकणं म्हणजे ठसका लागणं असं ज्यांना वाटतं त्यांना मी दोष देत नाही. मलाही तसंच वाटत होतं. इथे ठसका नव्हता, श्वास व्यवस्थित चालू होता, फक्त छातीत कुणीतरी मूठ आवळून बसलं होतं. मी वर पाणी प्यायलो. ते पाणी त्या तुकड्यावर साठलं. आणखी प्यायलो, तेही साठलं. उलटी करावी म्हटलं तर ती होईना, कारण वर यायचा रस्ताच आम्ही इतक्या खटपटीने बंद करून घेतला होता. मी मोरीपाशी उभा, तोंडातून लाळेची तार, आणि शरयू भिंतीला टेकून पांढरीफटक. बऱ्याच वेळाने तो तुकडा आपल्या मर्जीने खाली गेला. आमच्या घरात त्या दिवशी नंतर कुणी जेवलं नाही.

पुष्करला फोन केला. तो म्हणाला, "नवा व्हॉल्व्ह टाइटच असतो. सेट व्हायला वेळ द्या."

आम्ही वेळ दिला. व्हॉल्व्ह सेट होईना. प्रत्येक वेळी मी पुष्करला फोन करायचो आणि तो म्हणायचा, "होईल." सर्जनना विचारतोस का म्हटलं की म्हणायचा, "विचारतो." पुढच्या वेळी म्हणायचा, "सेट होईल म्हणाले." मला वाटायचं, सर्जन म्हणाले.

दरम्यान आमच्या अपार्टमेंटने माझा घसा दत्तक घेतला. तळमजल्यावरच्या लीलाबाईंनी आख्खं पिकलं केळं न चावता गिळायला सांगितलं, म्हणजे वाट मोकळी होते. केळं अडकलं. शेजारचे आकारामअण्णा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, घास अडकला की उभं राहून टाचांवर उड्या माराव्यात, पोतं भरताना आपण पोतं आपटतो की नाही, तसं. मी मारल्या. घास हलला नाही, लीलाबाईंच्या छताचे पोपडे मात्र पडले. त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, आजारपण समजू शकते मी, पण कवायत कशाला?" मग कुणी पडजीभ उचलून घ्यायला सांगितलं, कुणी दृष्ट काढायला. एका गृहस्थांनी तर मला विचारलं की माझ्या मनात काही अडकलंय का. मी भूगोलाचा माणूस आहे. माझं छातीत अडकलं होतं आणि मी बोट ठेवून जागा दाखवू शकत होतो.

आणखी एक गोष्ट गेली होती, ती म्हणजे ढेकर. ढेकर ही काय चीज आहे हे ती बंद झाल्याशिवाय कळत नाही. पोटात शिरलेली हवा वर येईना, तेव्हा तिने दुसरी वाट धरली. कधीकधी वर्गात, मान्सूनचे वारे शिकवताना. याहून जास्त मी लिहिणार नाही.

शरयूने मिक्सर काढला. आधी भाजी, मग पोळी, मग दोन्ही एकत्र. दिवाळीत चकल्यासुद्धा दुधात भिजवून मिक्सरमधून आल्या. हळूहळू आमच्या घरातल्या सगळ्या पदार्थांना एकच रंग आला, नदीला गढूळ पाणी येतं तो. मी वाटी तोंडाला लावायचो आणि ती समोर बसून माझ्या गळ्याकडे बघायची. तू जेव की, म्हटलं तर म्हणायची, माझं झालंय मघाशी.

एकदा मी कॉलेजातून लवकर घरी आलो. स्वयंपाकघराच्या दारामागे शरयू उभी होती. उभ्यानेच भाकरी खात होती, ठेच्याला लावून, चोरून खाल्ल्यासारखी घाईघाईने. मला बघून तिने उरलेला तुकडा पदराआड केला. लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई स्वतःच्या घरात भाकरी लपवते हे बघून मला जो धक्का बसला तो ऑपरेशनच्या टेबलावरही बसला नव्हता.

"तुमच्यासमोर नाही खाववत," ती म्हणाली. "तुम्ही बघत राहता."

मी बघत राहतो हे मला माहीत नव्हतं.

नेमका याच सुमारास निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश आला. मला केंद्राध्यक्ष नेमलं होतं. आजारपणामुळे सूट हवी असेल तर वैद्यकीय तपासणीला हजर राहायचं असतं. मी फाइल घेऊन गेलो. टेबलामागे एक डॉक्टर आणि एक बाबू होते. बाबूने विचारलं, "आजार काय?"

"गिळता येत नाही."

"ड्युटीत काय गिळायचंय?"

"तसं नाही, पण जेवण..."

"बोलता येतं का?"

"येतं."

"बसता येतं? सही करता येते?"

"येते."

"मग केंद्राध्यक्षाला आणखी काय लागतं?" त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर माझ्याकडे बघून सहानुभूतीने हसले, पण माझ्यामागे प्लास्टरवाल्यांची मोठी रांग होती. माझं नाव कायम झालं.

मला मिळालेलं गाव औंधच्या पुढे, पूर्वेच्या कोरड्या भागात होतं. शरयूने दोन दिवसांचं वाटण बाटल्यांत भरून दिलं. आदल्या दिवशी यंत्रं घेऊन आम्ही गावच्या शाळेत मुक्कामाला पोचलो. माझ्या हाताखाली पहिल्या मतदान अधिकारी म्हणून ज्ञानदाबाई होत्या, वाईच्या एका शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका. अतिशय काटेकोर बाई. शाळेला फ्रिज नव्हता. संध्याकाळी मी बाटली उघडली तर आतलं वाटण फसफसून बाहेर आलं. दुसरीची तीच गत. मी पाणी पिऊन झोपलो.

पहाटे उठून आम्ही तयारीला लागलो. खरं मतदान सुरू होण्याआधी चाचणी मतदान घ्यायचं असतं. उमेदवारांचे प्रतिनिधी यंत्राची बटणं दाबून बघतात, यंत्रातून प्रत्येक मताची एक चिठ्ठी पडते, त्या चिठ्ठ्या काढून मोजायच्या, मतांशी ताळा जुळवायचा आणि मग त्या पाकिटात बंद करून सील करायच्या. आमच्या केंद्रावर दोन प्रतिनिधी होते, धनाजी आणि गुंडा. एकमेकांचे सख्खे चुलतभाऊ, पण बांधावरून बोलणं बंद. एकाने 'व्हय' म्हटलं की दुसरा 'न्हाई' म्हणणार, हे सकाळपासून दिसत होतं.

चाचणी झाली. ज्ञानदाबाई टेबलावर चिठ्ठ्या पसरून मोजायला बसल्या. तेवढ्यात शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या अंबूबाई ताट घेऊन आल्या आणि त्यांनी ते माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. बाजरीची भाकरी, वर झुणका.

"नको हो," मी म्हटलं. "मला चालत नाही."

अंबूबाईंचा चेहरा उतरला. "सायेब, काल सांच्याला बी तुमी काय खाल्लं न्हाई. बाकी समद्यांनी खाल्लं. आमच्या हातचं चालत न्हाई व्हय तुमाला?"

धनाजी आणि गुंडा दोघेही माझ्याकडे बघायला लागले, आणि या एका बाबतीत त्यांचं एकमत होऊ घातलं होतं. आता यावर काय उत्तर द्यायचं? मफलर, जठर, व्हॉल्व्ह, हे सगळं त्या माउलीला कुठून सांगायचं? मी भाकरीचा एक तुकडा तोडला, अगदी नखाएवढा, आणि तोंडात टाकून चावू लागलो. चावून चावून त्याचं पाणी करायचं असं मी ठरवलं होतं, आणि ते झालंही असतं. पण अंबूबाई ताट उचलून निघाल्या आणि ज्ञानदाबाई त्याच क्षणी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "सर, एक चिठ्ठी कमी आहे."

मी दचकून घास गिळला.

तो छातीच्या मधोमध जाऊन थांबला. एवढ्या महिन्यांत इतका पक्का कधीच बसला नव्हता. मी घाईने पाणी प्यायलो, ते वर साठलं. डोळे भरले. मी ओठ घट्ट मिटले, कारण ते उघडले असते तर जे झालं असतं ते केंद्राध्यक्षाला शोभणारं नव्हतं. एक हात छातीवर, एक हात हवेत, गाल फुगलेले. ज्ञानदाबाईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी. टेबलाखाली बघितलं, यंत्राखाली बघितलं. मग खोलीतले सगळे माझ्या गालांकडे बघायला लागले.

धनाजी पुढे झाला. "सायेब, त्वांड उघडा."

मी मानेने नाही म्हटलं. आता वाटतं, ती माझी सगळ्यात मोठी चूक होती.

"म्हंजे हाय तोंडात," गुंडा म्हणाला. चुलतभावाच्या बोलण्याला त्याने कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दुजोरा दिला असावा.

मी तोंड उघडलं. आधी पाणी, मग लाळ, सगळं शर्टावर आलं. धनाजीने मोबाइलचा उजेड आत मारला. "न्हाई. गिळली."

मी कागद ओढून त्यावर लिहिलं, 'भाकरी अडकली आहे.'

गुंडाने तो वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. "ल्हिऊन तर कुनीबी दील," तो म्हणाला.

अठ्ठावीस वर्षं मी विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणावर भाषणं दिलेली आहेत. मी कधी कॉलेजचा खडूसुद्धा घरी आणलेला नाही. तो मी, त्या शाळेच्या खोलीत, लाळ पुसत उभा होतो आणि बाहेर ओट्यावर बातमी पसरत होती की सायबानं मत गिळलं. रांगेत पुढे उभा असलेला एक म्हातारा दारातून डोकावला आणि त्याने शेजाऱ्याला विचारलं, "कुनाचं गिळलं?" या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे प्रकरण दंगलीपर्यंत गेलं नाही. दोन्ही बाजूंना वाटत होतं की गिळलेलं आपलंच आहे.

क्षेत्रीय अधिकारी जीप घेऊन आले. माणूस तरुण होता आणि तो माझ्याहून जास्त घाबरलेला होता. त्याने वर फोन केले. ज्ञानदाबाईंनी नियमाप्रमाणे केंद्राचा ताबा घेतला, चाचणी नव्याने घेतली आणि मतदान वेळेवर सुरू केलं. माझं काय करायचं हा प्रश्न राहिला. मला दवाखान्यात न्यायला हवं हे सगळ्यांना मान्य होतं. धनाजीचं म्हणणं एवढंच होतं की तिथे पोटात कॅमेरा घालून चिठ्ठी शोधावी आणि ते बघायला आपण बरोबर येणार. गुंडाचंही तेच. दोघांनी आपापल्या जागी दुसरे प्रतिनिधी बसवले.

साताऱ्यापर्यंतचा तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. मागच्या सीटवर मधे मी, डावीकडे धनाजी, उजवीकडे गुंडा. माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी. थुंकी गिळता येत नसल्यामुळे मला दर थोड्या वेळाने तीत थुंकावं लागे, आणि प्रत्येक वेळी दोघे वाकून बघत.

"काय आलं?" धनाजी विचारी.

"काय न्हाई. फेस हाय," गुंडा सांगे.

अशा रीतीने ते दोघे एकमेकांशी बोलायला लागले. पुसेगावच्या जवळ मी खुणेने गाडी थांबवायला सांगितली, तेव्हा गुंडा म्हणाला, "सायेब, एकट्यानं जायाचं न्हाई." मी मुकाट्याने करंगळी खाली केली आणि साताऱ्यापर्यंत तसाच बसलो.

दवाखान्यात दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. शरयू माझ्याआधी येऊन पोचली होती. तिला फोनवर कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्या मिस्टरांनी निवडणुकीचं काहीतरी गिळलंय, आणि रिक्षातून येताना ती यंत्र केवढं असतं याचा विचार करत होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून सगळी हकिकत ऐकली. ऑपरेशन कधी झालं ते ऐकल्यावर त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"तेव्हापासून असंच आहे?"

"सेट व्हायला वेळ लागतो म्हणाले," शरयू म्हणाली.

"कोण म्हणाले?"

शरयूने काही वेळ विचार केला. "माझा भाऊ."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

धनाजी आणि गुंडा आत येण्यावर अडून बसले. शेवटी मला विचारून त्यांना दाराशी उभं केलं, तिथून पडदा दिसत होता. माझ्या घशात बधिर करायचा फवारा मारला, कुशीवर वळवलं, दातांत एक कडं दिलं आणि नळी आत गेली. त्या अनुभवाचं वर्णन मी करत नाही. मला पडदा दिसत नव्हता. मला फक्त दाराकडचे आवाज येत होते.

"ह्ये काय?"

"भाकरी हाय."

"नीट बग."

"बाजरीची हाय रं. मला कळत न्हाई व्हय भाकरी?"

डॉक्टरीणबाईंनी तो तुकडा चिमट्याच्या तारेत धरून हळूहळू बाहेर काढला. आमच्याबरोबर जीपमधून आलेल्या त्या अधिकाऱ्याने, बिचाऱ्याचा इलाज नव्हता, तो एका बाटलीत घालून तिच्यावर चिठ्ठी लावली, लाखेचं सील केलं आणि धनाजी-गुंडाच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. शासनदरबारी भाकरीचा पंचनामा झाल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

मग बाईंनी नळी पुन्हा आत घातली, अडथळा कुठे आहे ते बघायला. बऱ्याच वेळाने धनाजीचा आवाज आला, पण तो वेगळाच होता.

"बाई, ती एवढीशी वाट हाय ती, त्यातनं जेवत्यात ह्ये?"

"हो," त्या म्हणाल्या.

"एवढ्यातनं तर मुंगी बी दबकून जाईल."

नळी निघाल्यावर मी उठून बसलो तर धनाजी माझ्यासमोर टोपी हातात घेऊन उभा होता. "सायेब," तो म्हणाला, "चुकलं आमचं. आवं, पर सांगायचं की वो. आमी काय भाकरी खावा म्हून जुलूम केला असता व्हय?"

तेवढ्यात ज्ञानदाबाईंचा फोन आला. चिठ्ठी सापडली होती. अंबूबाईंनी ताट टेबलावर ठेवलं तेव्हा ती ताटाच्या ओल्या बुडाला चिकटली आणि ताटाबरोबर स्वयंपाकघरात गेली. ताट घासायला घेताना अंबूबाईंना दिसली. ज्ञानदाबाईंनी तिचीही नोंद केली होती. मग अंबूबाईंनी फोन घेतला, पण त्यांना बोलवेना. "सायेब, मी लय बोलले तुमास्नी," एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हटलं की झुणक्याचा वास फार सुंदर होता. ते खरंही होतं.

दोघे चुलतभाऊ दवाखान्याबाहेर चहा प्यायले आणि एकाच एसटीने परत गेले. बांधाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. माझ्यामुळे ते भांडण मिटलं असेल असा माझा दावा नाही.

आम्ही सांगलीला सर्जनांकडे गेलो. पुष्कर बरोबर होताच. सर्जननी पांढरं औषध प्यायला देऊन फोटो काढले आणि ते बघताना त्यांचा चेहरा बदलत गेला. मफलर जरा जास्त घट्ट बसला होता. काही रोग्यांना तसं होतं, ते म्हणाले, आणि त्याला उपाय असतो, फुगा घालून ती जागा हळूहळू ताणता येते. नाहीतर पुन्हा ऑपरेशन.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," ते म्हणाले, "त्रास गेला नाही तर मला येऊन भेटा. तुम्ही आलाच नाहीत."

हेच ते वाक्य, जे मला ऐकू आलं नव्हतं.

"पण पुष्करने तुम्हाला विचारलं ना? सेट होईल म्हणालात," मी म्हटलं.

सर्जन पुष्करकडे बघायला लागले. शरयूही बघायला लागली. पुष्करने खिशातून रुमाल काढला आणि तो नुसताच हातात धरला.

"मी आमच्या प्लँट मॅनेजरना विचारायचो," तो म्हणाला. "व्हॉल्व्हमधला त्यांचा अनुभव मोठा आहे."

शरयूने माझी फाइल त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. त्यानंतर सर्जनचे सगळे फोन तिने केले, सगळे प्रश्न तिने विचारले, आणि पुष्कर आमच्यामागून पिशव्या घेऊन हिंडत राहिला. तो इतका गप्प होता की मला त्याची दया यायला लागली.

पहिल्यांदा फुगा घातला तेव्हा थोडा फरक पडला. पातळ उपमा उतरायला लागला, पोळी नाही. काही आठवड्यांनी पुन्हा घातला. त्या दिवशी संध्याकाळी सर्जन म्हणाले, आता मऊ पोळी खाऊन बघा, लहान घास, घाई करायची नाही.

आम्ही पुष्करच्या घरी उतरलो होतो. त्याची बायको पल्लवीने साजूक तूप लावून पोळ्या केल्या. मला मधे बसवलं. सगळे भोवती उभे, मी जणू परीक्षेला बसलोय. मी एक तुकडा तोडला, चावला, पुष्कळ चावला, आणि गिळला.

सवयीने माझा हात छातीवर गेला. मूठ आवळली जाण्याची मी वाट बघत राहिलो. ती आवळली गेली नाही. तुकडा छातीच्या मधोमध आला, क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटला, आणि निघून गेला. कुठे गेला ते मला कळलंही नाही. घास कुठे गेला ते न कळणं ही केवढी चैन आहे हे निरोगी माणसाला सांगून पटणार नाही.

"गेला?" पल्लवीने विचारलं.

मी मान हलवली.

पुष्करने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

अजून मला सगळंच खाता येतं असं नाही. मटणाला हात लावत नाही, ढेकर परत आलेली नाही, आणि लग्नाच्या पंगतीत मी सगळ्यात शेवटी उठतो. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी मी वर पाहिलं तर शरयू समोरच्या खुर्चीवर येऊन बसली होती आणि रडत होती. दवाखान्यात, जीपमधून मला उतरवताना, फोटोंसमोर, कुठेही ती रडली नव्हती. मी तिला काहीतरी म्हणणार होतो, पण तोंडात दुसरा घास होता आणि घाई करायची नाही अशी सक्त ताकीद होती. म्हणून मी चावत राहिलो, आणि ती माझ्या गळ्याकडे न बघता, ताटाकडे हात करून रडत रडत म्हणाली, "तूप लावून घ्या आणखी. कोरडी आहे ती."